बचत गटात शंभर, किराण्याच्या वहीत सव्वाशे

पोस्ट मोठी आहे. वाचायची तर पूर्ण वाचा. अर्धी वाचून फोन करू नका, मागच्या वेळी रेशनच्या पोस्टवर तसंच झालं होतं.

मागच्या आठवड्यात आपल्या भागात महिलांसाठी घरखर्चात बचत कशी करावी यावर कार्यक्रम झाला. कोणाचा ते लिहीत नाही. असे कार्यक्रम सगळेच घेतात आणि सगळ्यांची भाषणं एकाच झेरॉक्समधून निघाल्यासारखी असतात. बातमीसाठी मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. पाहुणे नागपूरचे. त्यांनी सांगितलं, यादी करून बाजारात जा. उपाशीपोटी खरेदी करू नका. ऑफर लागली की महिन्याचं सामान एकदम भरून ठेवा. मोठा पॅक घ्या, तो स्वस्तच पडतो. सणावाराला हात आखडा. मग थेंबे थेंबे तळे साचे झालं, टाळ्या झाल्या, चिवडा झाला.

माझ्या बाजूला बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "यादी त दुकानदारच लिवते ना जी, त्याच्या वहीत."

दोन तासांच्या कार्यक्रमात घरखर्चावर एवढं एकच खरं वाक्य बोललं गेलं, आणि ते माईकवर नव्हतं.

समोर बसलेल्या बायका कोण होत्या ते पाहा. रोवणीला जाणाऱ्या, घरी दोन-तीन एकर धान असलेल्या, नवरा ठेकेदाराकडे कामाला असलेल्या. चिखल्यात खाणीच्या पक्क्या नोकरीवाल्याचं घर वेगळं आणि ठेकेदाराच्या मजुराचं घर वेगळं, हे इथल्या पोरालाही कळते. पक्क्या नोकरीत पगाराची तारीख असते. दुसऱ्या घरात "या हप्त्यात होईल" असते. ज्याच्या हाती महिन्याच्या एक तारखेला अडीच-तीन हजार रोख नाहीत, त्याला "महिन्याचं सामान एकदम भरा" हा सल्ला म्हणजे अनवाणी माणसाला बुटाला पॉलिश कसं करायचं ते शिकवणं.

आता वहीकडे येतो.

ओळखीच्या एका घरची किराण्याची वही मी मागून घेतली. त्यांची परवानगी आहे, नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही. एका महिन्याचं सामान: तेल, तूरडाळ, साखर, चहापत्ती, तिखट-हळद, कपड्याचा साबण, अंगाचा साबण, बिस्किटं, मीठ. साबण जरा जास्तच. मँगनीजच्या काळ्या धुळीत राबलेले कपडे एका घासात निघत नाहीत, त्यामुळे खाणीच्या बाजूच्या घरात साबणाचा खर्च शहरातल्या घरापेक्षा जास्त असणारच. वहीत एकूण लिहिले होते २,६३० रुपये. तीच यादी घेऊन मी त्याच दुकानात गेलो आणि रोखीचा भाव विचारला. २,५०५ झाले. सव्वाशे रुपयांचा फरक. डाळीवर किलोमागे काही रुपये, तेलाच्या थैलीवर काही, साखरेवर थोडे. छापील किमतीच्या वर एकही वस्तू लावलेली नव्हती, म्हणून कायद्यानं काही म्हणता येत नाही. रोखवाल्याला छापील किमतीपेक्षा कमी, उधारीवाल्याला छापील किमतीला. बस.

सव्वाशे म्हणजे शेकडा पाच. एका महिन्याच्या उधारीसाठी. वर्षाचा हिशेब केला तर शेकडा साठ. त्यातही सगळं सामान एक तारखेला उचललेलं नसते, निम्मं तर महिन्याच्या शेवटी-शेवटी नेलेलं असते. म्हणजे खरा व्याजदर साठाच्याही वर जातो. सावकार शेकडा साठ घेतो म्हटलं तर आपण मोर्चा काढू. इथं ते व्याज डाळीच्या किलोत मिसळून जाते आणि कोणालाच दिसत नाही.

आता दुसरी बाजू. हीच बाई बचत गटात महिन्याला शंभर रुपये भरते, नेमानं. गटाची रक्कम बँकेच्या बचत खात्यात पडून आहे, तिथं व्याज तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका हातानं ती बँकेत तीन टक्क्यानं पैसे ठेवते आणि दुसऱ्या हातानं दुकानात साठ टक्क्यानं उचलते. शंभर जमा, सव्वाशे वजा. आणि व्यासपीठावरून तिलाच सांगायचं की बाई, तुला बचतीची सवय नाही!

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये सुरू झाले. कुठं जातात ते कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारा, तो खरं सांगेल. खात्यात पडले की वहीत. रेशनचं धान्य १ जानेवारी २०२३ पासून फुकट झालं, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. त्यानं भाताची काळजी मिटली, हे मान्य केलंच पाहिजे. पण तेल, डाळ, साबण, चहा, मसाला रेशनवर मिळत नाही, आणि वहीत नेमकं तेच असते.

यावर पहिला आक्षेप येणार ते मला माहीत आहे. "भाऊ, रात्री दोन वाजता पोराला ताप आला तर तुमची ग्राहक पंचायत येते का? दुकानदारच दार उघडते." खरं आहे. गावातला किराणावाला अडीअडचणीला उभा राहतो, आणि त्यालाही तुमसरचा ठोक व्यापारी माल फुकट देत नाही. त्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात, काही बुडतात, तो फरक कुठून तरी काढणारच. मी त्याला चोर म्हणत नाही. अडचणीची उधारी वेगळी, ती राहू द्या. पण रोजची चहापत्ती आणि साखर बारा महिने वहीवर नेणं ही अडचण उरत नाही, तो त्या घराचा कायमचा खर्च होऊन बसतो.

आणि हा खर्च बायकांच्या उधळपट्टीनं आलेला नाही. मजुरी उशिरा मिळते म्हणून आला. धानाचे पैसे वर्षातून एकदा येतात म्हणून आला. ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकानं द्यायची, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. मग बचतीचा कार्यक्रम एकदा ठेकेदारांसाठी घ्या ना. विषय द्या, "मजुरी तारखेवर दिल्यास मजुराच्या घरी किती बचत होते." पाहुणे मी आणतो.

घरातली बचत आपल्याकडे होते कशी तेही सांगतो. डाळ पातळ होते. अंडी बंद होतात. भेदरं महागली की भाजीत चिंच पडते. दूध फक्त चहापुरतं. पोरांना वाढून उरलं तर ती खाते. या बचतीची नोंद कुठल्या पासबुकात होत नाही, ती होते दवाखान्यात, रक्त तपासल्यावर. कार्यक्रमातल्या पाहुण्यांनी "अनावश्यक खर्च कमी करा" म्हटलं तेव्हा समोरच्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या. कमी करायला काय उरलंय, हे त्यांना विचारायला हवं होतं.

१९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल का मिळत नाही, साखर कुठं गेली, हे त्यांनी सरकारला विचारलं. घरात बसून डाळीत पाणी वाढवायला कोणी सांगितलं नाही. पन्नास वर्षांत आपण मोर्चातून मार्गदर्शन शिबिरावर आलो.

"मोठा पॅक स्वस्तच पडतो" या वाक्यावर थोडं थांबतो, कारण ते सगळीकडे छातीठोकपणे सांगितलं जाते आणि ते नेहमी खरं नसते. शाम्पूची एक रुपयाची पुडी घ्या. तिच्यात पाच-सहा मिली असते. आता त्याच नावाच्या बाटलीवरची किंमत मिलीनं भागून पाहा. बऱ्याच ब्रँडमध्ये पुडी बाटलीच्या कितीतरी स्वस्त निघते. आमच्याकडच्या बाया पुड्यांची माळ घेतात ते अडाणीपणानं नाही, त्यांचा हिशेब पाहुण्यांपेक्षा पक्का आहे.

तेलात उलटं होते. एक लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता बाजारात तशीच दिसणारी ८५० ग्रॅमची थैली आली आहे, ८०० ची पण आहे. समजा लिटरची थैली १५० ला आणि ८५० ग्रॅमची १४५ ला. माणूस म्हणतो पाच रुपये वाचले. भागाकार करा: दुसऱ्या थैलीच्या भावानं ९१० ग्रॅम तेल १५५ ला पडलं. पाच वाचले नाहीत, पाच गेले. पिप्याचंही तसंच. "पंधराचा पिपा" म्हणून आणतो, पण पंधरा किलो की पंधरा लिटर? पंधरा लिटर म्हणजे जवळपास १३ किलो ६५० ग्रॅम. दोन पिपे शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही, कढईला कळते.

हे कसं झालं? आधी तेल, चहा, बिस्किटं, साबण अशा वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनाचीच काढावी लागत. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नियम बदलले आणि ते बंधन काढलं. कंपनीला हवं ते वजन भरायची मोकळीक मिळाली. त्याच्या बदल्यात ग्राहकाला एक गोष्ट दिली: पाकिटावर दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडते ते छापायचं. किमतीच्या जवळ बारीक अक्षरात 'यूएसपी' असं लिहून पुढं आकडा असतो. किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा भाव, किलोच्या वरच्यावर किलोचा. घरी आत्ता एखादा पुडा असेल तर उठून पाहा. आठवी शिकलेली पोरगी तो आकडा वाचून आईला सांगू शकते कोणतं पाकीट घ्यायचं. कार्यक्रमात दोन तासांत याचा उल्लेखसुद्धा झाला नाही. बचतीच्या नावाखाली संयम शिकवला, भागाकार शिकवला नाही.

काट्याबद्दलही कोणी बोललं नाही. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैधमापन शास्त्र खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागते. आठवडी बाजारात किती जणांकडे पाहिलं तुम्ही? मी पाहतो. भाजीच्या काट्यावर दगड, वापरून झिजलेलं पावकिलोचं माप, पारड्याखाली चिकटलेली माती. आलू-कांद्याची चिल्लर विकणाऱ्या म्हातारीच्या मागं लागा असं मी म्हणत नाही. पण पक्क्या दुकानात मिठाई डब्यासकट तोलली जाते आणि पुठ्ठा काजूकतलीच्या भावानं आपल्या गळ्यात पडतो, तिथं तरी तोंड उघडा. डब्याचं वजन धरून माल देणं नियमात बसत नाही. थंड बाटलीवर "फ्रिजचे दोन रुपये" हेही बसत नाही, छापील किमतीत सगळे कर आणि सगळा थंडावा आला. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही.

एवढं सगळं मान्य केलं तरी वही तशीच राहते. म्हणून मुख्य मुद्द्यावर परत येतो: बचत गटाचा पैसा पहिल्यांदा वही बंद करायला वापरा.

हिशेब मांडतो, तपासून घ्या. गटात बारा जणी. प्रत्येकीला एका महिन्याच्या किराण्यापुरते २,५०० रुपये गटातून अंतर्गत कर्ज. एकूण ३०,००० लागतात. गटाचा दर महिना शेकडा दोन धरला, आणि दहा महिन्यांत २५० प्रमाणे परतफेड केली, तर एकीला एकूण व्याज पडते २७५ रुपये. तेही गटाच्याच पेटीत, म्हणजे तिचंच. उधारीतून रोखीवर आल्यामुळे महिन्याला सव्वाशे वाचले, तर दहा महिन्यांत १,२५०. व्याज वजा जाता ९७५ शिल्लक. अकराव्या महिन्यापासून कर्ज नाही, आणि वर्षाला १,५०० वाचत राहतात. हे कर्ज एकदाच लागते, कारण एकदा एक महिना पुढं आलात की पुढचा पगार पुढच्या महिन्याच्या रोख खरेदीला. सुरुवातीचे चार-पाच महिने ओढाताण होईल, ते लपवत नाही. ज्या गटाकडे स्वतःची रक्कम नाही, त्यांना उमेदमधून बँकेचं कर्ज आहेच. वेळेवर फेडणाऱ्या महिला गटाला तीन लाखांपर्यंत ७ टक्के व्याज. आपण ते कर्ज शेळीसाठी घेतो, शिलाई मशीनसाठी घेतो, कधी कधी लग्नासाठी पण घेतो. साठ टक्क्यांची उधारी फेडायला घेतलं तर त्याच्याइतका नफ्याचा धंदा दुसरा कोणता आहे ते मला सांगा.

बारा घरं रोखीवर आली की दुसरी पायरी आपोआप समोर येते. बारा घरांचं तेल, साखर, डाळ, साबण एकत्र तुमसरहून ठोक भावात आणायचं. साखरेचं पन्नास किलोचं पोतं, डाळीची चुंगडी, तेलाचे पिपे, गाडीभाडं वाटून. हे काही मी शोधलेलं नाही. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि तिथं शेजारची काही घरं मिळून संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, सामान एका घरी उतरते आणि आपसात वाटून घेतात. दुकान नाही, नोकर नाही, भाडं नाही. मुंबईतल्या नायगावला १९४८ मध्ये गिरणगावात सुरू झालेला अपना बाजार याच मुळातला.

त्याच्याही मागं गेलो तर इंग्लंडातलं रॉचडेल. १८४४. गिरण्यांचं गाव, हातमागवाल्यांची मजुरी पडलेली. दुकानात पिठात भेसळ आणि घरोघरी उधारी. अठ्ठावीस कामगारांनी पै-पै करून एकेक पौंड जमवला आणि डिसेंबरच्या थंडीत एक दुकान उघडलं. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. नियम मात्र पक्के: वजन पूर्ण, माल शुद्ध, आणि व्यवहार फक्त रोख. उधारी कोणालाच नाही. नफा झाला तर ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. जगभरच्या ग्राहक सहकाराचं मूळ तिथं धरतात. गरीब होते म्हणून त्यांनी उधारी नाकारली, कारण उधारीचा भाव काय असतो ते त्यांनी भरून पाहिलं होतं. आपल्याकडं किती तरी ग्राहक भांडारं बुडाली ती हाच नियम मोडून. अध्यक्षाच्या पाहुण्याला उधार, सचिवाच्या साळ्याला उधार, मग कुलूप.

म्हणून गटानं सामान आणलं तर पहिल्या दिवसापासून एकच पाळा: सख्ख्या बहिणीलाही उधार नाही. वाटायला शिक्क्याचा काटा घ्या, हिशेब भिंतीवर लावा. पहिल्या महिन्यात फक्त तेल, साखर आणि साबण. डाळीच्या भानगडीत नंतर पडा, डाळीची प्रत ओळखायला माणूस लागते आणि त्यावरून भांडणं होतात. तूर तशी अनेकांच्या धुऱ्यावरच होते.

ग्रामपंचायतीकडून दोन गोष्टी हव्यात आणि दोन्हींना निधी लागत नाही. बाजाराच्या जागी एक तपासलेला काटा, ज्यावर कोणीही आपली पिशवी ठेवून पाहील. आणि वैधमापन निरीक्षकांना पत्र, की वर्षातून एक दिवस आमच्या बाजारात या. पुढच्या ग्रामसभेत हे दोन्ही विषय मी लेखी देणार आहे. सह्या करायला कोण येते ते तिथं कळेलच.

दुकानदार मित्रांनाही सांगणं आहे. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव, दोन्ही पाटीवर लिहा. ज्याला उधार पाहिजे तो समजून उधार घेईल, तुमचंही नाव खराब होणार नाही. ज्यांच्या काट्याचं यंदाचं प्रमाणपत्र झालं आहे त्यांनी ते दुकानात लावून मला फोटो पाठवा, दुकानाच्या नावासकट याच पानावर टाकतो, जाहिरातीचे पैसे घेणार नाही.